वय सत्तर? ‘वय वंदना’ कार्ड काढाच

२९ ऑक्टोबर २०२४ पासून सत्तर वर्षं पूर्ण केलेल्यांना ‘आयुष्मान वय वंदना’ कार्डावर, आयुष्मान भारत योजनेतल्या रुग्णालयात दाखल झाल्यास, वर्षाला कुटुंबामागे ५ लाख रुपयांपर्यंत मोफत उपचार मिळतात. उत्पन्नाची अट नाही. जुना आजारही पहिल्या दिवसापासून धरला जातो. वय मात्र आधारवरचंच ग्राह्य. भूम-परंड्याकडच्या आजी-आजोबांच्या आधारवर जन्मसाल अंदाजे पडलं असेल, तर ते आधी दुरुस्त करा. शेतात राबून बोटांचे ठसे उठत नसले तरी अडत नाही, ओटीपीवर किंवा चेहऱ्यावरूनही ई-केवायसी होतं. आधीचं आयुष्मान कार्ड असलं तरी नोंदणी नव्याने करावी लागते. साठीतल्यांनी थांबू नये, त्यांच्यासाठी शिधापत्रिकेवर महात्मा जोतिराव फुले जन आरोग्य योजना आहे. चौकशीसाठी टोल-फ्री क्रमांक १४५५५.