चित्र आणि ध्वनि यांची गांठ

मौंजीबंधन असो वा सहस्रचंद्रदर्शन, घरांतील कार्याचें चित्रण करून ठेवण्याची रीत आतां सार्वत्रिक झाली आहे. चित्रण करणारा दूर उभा असतो. त्यामुळें त्याच्या यंत्रांत आजोबांच्या आशीर्वादापेक्षां मांडवांतील गलबलाच अधिक उमटतो. म्हणून चतुर मंडळी आजोबांच्या जवळ एक वेगळें ध्वनिमुद्रक यंत्र ठेवितात. कार्य पार पडतें आणि हातीं दोन फाइली येतात : एकींत चित्र, दुसरींत आवाज. या दोहोंची गांठ कशी घालावी, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाहीं. ती चुकीच्या रीतीनें घातली, तर जें एकदांच घडलें व पुन्हां घडणार नाहीं, त्याचीच झीज होते.

ही झीज कां होते, तें प्रथम पाहूं. चित्रणाची मूळ माहिती इतकी अफाट असते कीं, घरगुती साधनांत ती आहे तशी सांठविणें अशक्यप्राय होय. म्हणून यंत्र तिचा संक्षेप करितें. २००३ सालीं मान्य झालेल्या व आजही प्रचलित असलेल्या एच.२६४ या पद्धतींत मधून मधून एक चित्र पूर्ण ठेवितात, पुढील चित्रांत काय बदललें एवढीच नोंद करितात, आणि डोळ्यांस सहसा न जाणवणारा बारकावा टाकून देतात. टाकलेलें परत मिळत नाहीं. अशी फाइल उलगडून पुन्हां संक्षिप्त केली, कीं आणखी कांहीं बारकावा जातो. पोथीच्या नकलेवरून नक्कल करितांना अशुद्धें वाढत जातात, तशीच ही गोष्ट आहे.

परंतु गांठ घालण्यासाठीं संक्षेप मोडण्याचें कारणच नाहीं. एमपी४ किंवा एमकेव्ही हीं संक्षेपपद्धतींचीं नांवें नव्हत. तीं केवळ पेट्यांचीं नांवें होत. पेटींत चित्राचा एक प्रवाह, ध्वनीचा दुसरा, आणि कोणता अंश कोणत्या क्षणीं सादर करावा याचें वेळापत्रक असतें. पैठणी एका पेटींतून दुसरींत ठेवावयाची, तर ती उसवून पुन्हां विणावी लागत नाहीं! फाब्रिस बेलार यांनीं २००० सालीं आरंभिलेल्या एफएफएमपेग या विनामूल्य साधनास ‘कॉपी’ अशी आज्ञा दिली, कीं तें दोन्ही प्रवाह जसेच्या तसे नव्या पेटींत ठेवितें. मात्र चित्र पहिल्या फाइलींतून व ध्वनि दुसरींतून घ्यावा, हें त्यास ‘मॅप’ या आज्ञेनें स्पष्ट सांगावें. नाहीं तर मांडवांतला गलबला कायम राहावयाचा. आज्ञा लिहिण्याचा कंटाळा असेल त्यांनीं एमकेव्हीटूलनिक्स वापरावें. त्यांत नको त्या प्रवाहापुढील खूण काढिली कीं झालें.

तीन गोष्टींचें अवधान मात्र राखावें. आरंभीं दोन्ही यंत्रें चालू असतां एक टाळी वाजवावी. तिच्या आधारें ध्वनि किती मागेंपुढें सरकवावा तें कळतें, आणि हें सरकविणें वेळापत्रकांत होत असल्यानें संक्षेपास धक्का लागत नाहीं. दुसरें, असंक्षिप्त ‘वेव्ह’ ध्वनि एमपी४ पेटींत सर्वत्र चालत नाहीं. तेथें एमकेव्ही घ्यावी, अथवा ध्वनि तेवढा एएसी पद्धतीनें संक्षिप्त करावा, चित्रास हात लावूं नये. तिसरें, आरंभींचा भाग कापावयाचा तर या रीतीनें काप पूर्ण चित्रापाशींच पडतो. मधल्या क्षणीं तो नेमका साधत नाहीं.

काम योग्य झालें कीं नाहीं याची कसोटी सोपी आहे. नुसती गांठ घातली असेल, तर बहुधा थोडक्या वेळांत काम उरकतें, आणि नव्या फाइलीचा आकार घेतलेल्या दोन प्रवाहांच्या बेरजेइतकाच भरतो. फार वेळ लागला व आकार बराच बदलला, तर पैठणी उसवली गेली असें समजावें.

नवी फाइल आरंभापासून अखेरपर्यंत पाहिल्याखेरीज मूळ फाइली पुसूं नयेत. आमच्या मतें तर त्या कधींच पुसूं नयेत. गांठ पुन्हां घालतां येते. गेलेला आवाज पुन्हां आणतां येत नाहीं.