व्यायामाची नोंद आणि मनगटावरचे घड्याळ

बेळगावचे फडेप्पा दारेप्पा चौगुले २२ ऑगस्ट १९२० रोजी बेल्जियममधील अँटवर्प शहरी ऑलिंपिकच्या मॅरेथॉन शर्यतीत धावले. त्या शर्यतीचे अंतर ४२.७५ किलोमीटर होते. चौगुले यांनी ते २ तास ५० मिनिटे ४५ सेकंदांत कापले आणि एकोणिसावा क्रमांक मिळविला. दर किलोमीटरला सुमारे ४ मिनिटे, अशी ही गती पडते. शंभरांहून अधिक वर्षे लोटली तरी हा हिशेब आज मांडता येतो, याचे कारण साधे आहे. शर्यत कोठे सुरू झाली व कोठे संपली हे ठरलेले होते, आणि घड्याळ पंचाच्या हाती होते. धावणाऱ्याने धावावे आणि पंचाने वेळ मोजावी, अशी कामाची विभागणी होती.

स्मार्टवॉच नावाचे जे घड्याळ आता मनगटावर आले आहे, त्याने ही विभागणी मोडली. धावणारा तोच आणि पंचही तोच. खानापूर तालुक्यातील नंदगड हे गाव संगोळ्ळी रायण्णांच्या बलिदानाने पावन झालेले. २६ जानेवारी १८३१ रोजी त्यांना येथेच फाशी देण्यात आली. अशा गावच्या रस्त्यावर भल्या पहाटे चालावयास निघालेला गृहस्थ काय, किंवा भरतीची तयारी करणारा तरुण काय, मनगटावर हे घड्याळ असले की आपल्या श्रमांची नोंद तो स्वतःच ठेवीत असतो. नोंद सुरू करण्यास कोणी सहसा विसरत नाही, कारण त्या वेळी उत्साह असतो. ती बंद करण्याचा विसर मात्र वरचेवर पडतो, कारण त्या वेळी दम लागलेला असतो. सगळी नोंद खरी ठरणे वा खोटी ठरणे पुष्कळदा या शेवटच्या क्षणावर अवलंबून असते.

प्रथम हे घड्याळ मोजते काय, ते पाहिले पाहिजे. त्याच्या आत हालचाल ओळखणारा एक सूक्ष्म संवेदक असतो. हाताच्या झोक्यावरून तो पावले मोजतो. पावले मोजण्याची कल्पना तशी नवी नव्हे. १९६५ साली जपानमध्ये ‘मानपो-केई’, म्हणजे दहा हजार पावलांचे मापक, या नावाचे कमरेस लावावयाचे यंत्र विक्रीस आले होते, आणि रोज दहा हजार पावलांचा जो मंत्र आज सर्वतोमुखी झाला आहे तो तेथूनच निघाला. घड्याळाच्या पाठीवर हिरवा प्रकाश टाकणारे दिवे असतात. रक्त हा प्रकाश शोषून घेते. हृदयाच्या प्रत्येक ठोक्यासरशी मनगटातील रक्ताचे प्रमाण किंचित वाढते आणि परत येणारा प्रकाश तितका कमी होतो. या चढउतारावरून नाडीचे ठोके मोजले जातात. तिसरे साधन उपग्रहांचे. किमान चार उपग्रहांकडून आलेल्या संदेशांच्या वेळा ताडून घड्याळ आपली जागा ठरविते आणि एका जागेपासून दुसऱ्या जागेपर्यंतची अंतरे जोडीत जाते.

एरवी दिवसभर ही साधने अर्धवट झोपेत असतात. पावले मोजली जातात, नाडी अधूनमधून पाहिली जाते, पण उपग्रहांशी संबंध बहुधा नसतो. ‘व्यायाम सुरू’ अशी आज्ञा मिळताच तिन्ही साधने जागी होतात आणि क्षणाक्षणाची नोंद घेऊ लागतात. या जागृत अवस्थेलाच व्यायामसत्र म्हणावयाचे. सत्र उघडे राहिले की घड्याळाची बॅटरी झपाट्याने उतरते ती यामुळेच. सकाळी सत्र बंद करावयाचे राहिले आणि दुपारी घड्याळ निपचित पडले, तर दोष घड्याळाकडे जात नाही.

आता सत्र बंद करण्याचा प्रकार. येथे दोन क्रिया आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देता कामा नये. पहिली विराम, दुसरी समाप्ती. विराम दिला की वेळ व अंतर यांची मोजणी थांबते, पण सत्र जिवंत राहते. पुन्हा निघताच ते पुढे चालू करता येते. समाप्ती केली की सत्राचा हिशेब बंद होऊन तो साठविला जातो. पुष्कळ घड्याळांत कडेचे बटण दाबले असता प्रथम विरामच मिळतो. त्यानंतर ‘पुढे चालू’, ‘साठवा’ किंवा ‘टाकून द्या’ असे पर्याय समोर येतात. काहींत पडद्यावर बोट सरकवून ‘समाप्त’ या खुणेस स्पर्श करावा लागतो, तर काहींत बटण दोनतीन सेकंद दाबून धरावे लागते. एकदा बटण दाबून समाधान मानणारा माणूस विरामालाच समाप्ती समजून घरी जातो. पडद्यावर सत्राचा गोषवारा, म्हणजे एकूण वेळ, अंतर व नाडीची सरासरी, दिसल्याखेरीज सत्र संपले असे धरू नये. ही एक सवय जडली तरी निम्म्या चुका टळतात.

न संपविलेल्या सत्राने हिशेब कसा बिघडतो याचे एक उदाहरण घेऊ. समजा, एक गृहस्थ ४ किलोमीटर ४० मिनिटांत चालले. गती झाली किलोमीटरला १० मिनिटे. सत्र बंद न करता ते चहाच्या दुकानात २० मिनिटे गप्पा मारीत बसले. अंतर तेच राहिले, वेळ झाली ६० मिनिटे, आणि गती उतरली किलोमीटरला १५ मिनिटांवर. हेच गृहस्थ चहास न थांबता मोटारसायकलवर बसून २० मिनिटांत १२ किलोमीटरांवरील गावी गेले, तर घड्याळाच्या लेखी त्यांनी एका तासात १६ किलोमीटर अंतर तोडले. किलोमीटरला पावणेचार मिनिटे! म्हणजे कागदोपत्री त्यांनी अँटवर्पच्या चौगुल्यांनाही मागे टाकले. हसण्यावारी नेण्याजोगी ही गोष्ट खरी; परंतु अशा नोंदींवरून आठवड्याची बेरीज होते आणि त्या बेरजेवर माणूस विसंबतो. प्रौढांनी आठवड्यास १५० ते ३०० मिनिटे मध्यम श्रमाचा व्यायाम करावा, असे जागतिक आरोग्य संघटनेने २०२० साली सांगितले आहे. त्यातली साठ मिनिटे चहाच्या बाकावर वा मोटारसायकलवर गेलेली असतील, तर बेरीज पुरी दिसते आणि शरीर मात्र उपाशी राहते.

चालणे थांबताच आपोआप विराम घेण्याची सोय अनेक घड्याळांत असते. बाजारातील गर्दीत, रस्ता ओलांडताना किंवा फाटकाशी थांबावे लागले असता ती उपयोगी पडते. चढावर अगदी सावकाश चालणाऱ्या वृद्धाला मात्र घड्याळ थांबलेला समजण्याचा संभव असतो, आणि त्याचे खरे श्रम नोंदीबाहेर राहतात. शर्यतीच्या सरावात तर ही सोय बंदच ठेवावी. शर्यतीत थांबलेला वेळही शर्यतीचाच वेळ असतो. पंच कोणास विराम देत नाही.

सैन्यभरतीच्या तयारीत असलेल्या तरुणांना हा मुद्दा विशेष महत्त्वाचा आहे. बेळगावास मराठा लाईट इन्फंट्रीचे प्रशिक्षण केंद्र असल्याने या भागातील घरोघरी भरतीचा विषय परिचयाचा आहे. शारीरिक चाचणीत १.६ किलोमीटर धावावे लागते, आणि पहिल्या गटाची मर्यादा साडेपाच मिनिटांची आहे. म्हणजे ३३० सेकंदांत १६०० मीटर. दर सेकंदास जवळजवळ पाच मीटर. उपग्रहांवरून मोजलेल्या अंतरात समजा शेकडा दोनचा फरक पडला, तर १६०० मीटरांत तो ३२ मीटरांचा होतो. या वेगाने ३२ मीटर तोडण्यास साडेसहा सेकंद लागतात. घड्याळाने अंतर वाढवून दाखविले, तर मुलगा ५ मिनिटे २६ सेकंदांचा आनंद उराशी बाळगून मैदानावर जातो आणि तेथे साडेपाच मिनिटे उलटून जातात. उलटपक्षी धावणे संपल्यावर वाकून दम घेत असताना बटण दाबण्यास पाच सेकंद उशीर झाला, तर चांगला धावणारा मुलगा विनाकारण हिरमुसतो. यावर उपाय एकच. अंतर मैदानाचे धरावे आणि घड्याळाकडून वेळ तेवढी घ्यावी. ४०० मीटरांच्या मोजलेल्या मार्गावर चार फेऱ्या माराव्यात, प्रत्येक फेरीस फेरीचे बटण दाबावे, आणि शेवटी शक्य तर मित्राच्या हाती वेगळे घड्याळ द्यावे. पंचाची जागा जेथे खरोखर महत्त्वाची आहे तेथे ती दुसऱ्याला देणेच शहाणपणाचे.

सत्र संपविणे आणि शरीर थांबविणे या दोन गोष्टीही निराळ्या आहेत. जोराने धावून एकदम उभे राहिले असता पायांत उतरलेले रक्त हृदयाकडे परतण्यास वेळ लागतो आणि भोवळ येण्याचा संभव असतो. म्हणून धावण्याची नोंद बंद केल्यावरही पाचदहा मिनिटे सावकाश चालत राहावे. या काळात नाडी कशी उतरते हे पाहण्यासारखे असते, आणि काही घड्याळे समाप्तीनंतर एकदोन मिनिटे ती मोजीतही राहतात. अमेरिकेतील क्लीव्हलंड क्लिनिकच्या वैद्यांनी १९९९ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात २४२८ रुग्णांची नाडी व्यायामचाचणीनंतर पाहण्यात आली. श्रम संपल्यानंतरच्या पहिल्या मिनिटात जिची घट १२ ठोके किंवा त्याहून कमी होती, अशा नाडीच्या रुग्णांत पुढील सहा वर्षांतील मृत्यूंचे प्रमाण अधिक आढळले. मनगटावरचे घड्याळ म्हणजे वैद्याची चाचणी नव्हे, आणि एका दिवसाच्या आकड्याने कोणी घाबरून जाऊ नये. परंतु नाडी उतरण्यास नेहमीच फार वेळ लागत असेल, छातीत दुखत असेल किंवा चक्कर येत असेल, तर ती नोंद घेऊन डॉक्टरांकडे जावे. अशा वेळी सत्राची समाप्ती नेमकी नोंदलेली असेल तरच त्या आकड्यांना काही अर्थ राहतो.

नंदगडसारख्या सह्याद्रीलगतच्या भागात आणखी काही गोष्टी ध्यानात ठेवल्या पाहिजेत. घड्याळात उपग्रहांचे साधन असेल, तर मोबाईलचे जाळे नसलेल्या रानवाटेवरही अंतर मोजले जाते, कारण उपग्रहांचा संदेश थेट आकाशातून येतो. सत्र घड्याळातच साठते आणि पुढे फोनशी गाठ पडली की त्यात उतरते. फोनवर नोंद दिसत नाही म्हणून ती हरवली असे समजू नये. मात्र दाट झाडीखाली व डोंगराच्या कुशीत संदेश अडतात किंवा आपटून येतात, आणि सरळ वाट नकाशावर नागमोडी दिसू लागते. निघण्यापूर्वी मोकळ्या जागी क्षणभर उभे राहून उपग्रह सापडल्याची खूण पाहावी. पावसाळ्यात आणखी एक अडचण येते. पडद्यावर पडलेला पाण्याचा थेंब किंवा ओल्या बाहीचा घसटा यांना घड्याळ बोटाचा स्पर्श समजते, आणि सत्र मध्येच थांबते. अशा दिवसांत पडद्यास कुलूप लावावे व बटणांनीच काम घ्यावे.

चुकून सत्र संपलेच तर काय करावे? काही घड्याळांत ते पुढे चालू ठेवता येते. नाही तर नवे सत्र उघडावे आणि एका फेरफटक्याच्या दोन नोंदी राहू द्याव्यात. दोन खऱ्या नोंदींची बेरीज करता येते. सत्र लांबले असेल, तर काही ॲपमध्ये शेवटचा फालतू भाग कापून टाकता येतो. तशी सोय नसेल, तर ती नोंद पुसावी आणि वेळ व अंतर हाताने लिहावे. नोंद एका ॲपमधून दुसऱ्यात जात असेल, तर ती दोन्हीकडून पुसावी लागते, हेही लक्षात असू द्यावे. आणि नोंदीतील सर्वच आकड्यांवर सारखा विश्वास ठेवू नये. स्टॅनफर्ड विद्यापीठातील संशोधकांनी २०१७ साली सात मनगटी यंत्रे ६० स्वयंसेवकांवर तपासली. सातांपैकी सहा यंत्रांत नाडीची चूक शेकडा पाचांच्या आत होती. खर्च झालेल्या कॅलरींच्या बाबतीत मात्र सर्वांत बरे यंत्रही सरासरी शेकडा २७ चुकले. तेव्हा घड्याळातील कॅलरींवर हवाला ठेवून जेवणाच्या ताटात वाढ करणे बरे नव्हे.

शेवटचा मुद्दा नोंद कोण पाहतो याचा. सत्र जेथे सुरू होते आणि जेथे संपते ती जागा बहुधा घराचे दार असते. ती नोंद सर्वांस खुली असेल, तर रोज किती वाजता, कोणत्या वाटेने, कोण एकटे जाते हे परक्यास घरबसल्या कळते. नोव्हेंबर २०१७ मध्ये स्ट्राव्हा या कंपनीने जगभरच्या धावपटूंच्या मार्गांचा एकत्रित नकाशा प्रसिद्ध केला. जानेवारी २०१८ मध्ये ध्यानात आले की सैनिकांच्या सकाळच्या धावण्यामुळे दूरदेशीचे लष्करी तळ त्या नकाशावर उजळून दिसत आहेत. कोणीही गुपित फोडले नव्हते. प्रत्येकाने केवळ आपला व्यायाम नोंदला होता. नोंदी खाजगी ठेवणे, मार्गाची दोन्ही टोके झाकणे, किंवा घरापासून काही अंतरावर सत्र उघडून तितक्याच अंतरावर ते मिटणे, हे उपाय सोपे आहेत. एकट्याने फिरावयास जाणाऱ्या स्त्रियांनी आणि छावणीत राहणाऱ्या जवानांनी ते आवर्जून योजावेत.

तालमीत जोर-बैठकांची मोजदाद करणारा मल्ल आकडा चुकला तर पुन्हा मागून मोजतो. न घातलेला जोर तो हिशेबात धरीत नाही. घड्याळाकडून हा प्रामाणिकपणा आपोआप येत नाही. ते जे दाखविले जाईल ते लिहून घेते. चालणे जेथे संपले तेथेच नोंद संपवावी, गोषवारा पाहावा, आणि मग मनगट खाली सोडावे. एवढे केले की महिनाभरानंतर मागे वळून पाहणाऱ्यास आपल्या शरीराची हकीकत खरी वाचावयास मिळते.