जुनी हार्ड डिस्क नव्या संगणकाला जोडण्यापूर्वी

विंडोज १० या प्रणालीला मिळणारी नियमित मोफत सुरक्षा अद्यतने १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबली आणि घरांत, दुकानांत, देवस्थानांच्या कचेऱ्यांत वर्षानुवर्षे चालत आलेले अनेक संगणक बदलण्याची वेळ आली. नवे यंत्र आले, की जुन्यातील हार्ड डिस्क काढून त्याला जोडण्याचा विचार साहजिकच मनात येतो. हिशेब, छायाचित्रे, जमिनीच्या कागदपत्रांच्या प्रती, नाटकांच्या संहिता असे सारे त्या डिस्कवरच असते. उरलेले यंत्र म्हणजे निव्वळ डबा. डिस्क हलवणे अवघड नाही. मात्र जुना संगणक चालू असतानाच एक काम उरकावे लागते आणि नेमके तेच राहून जाते.

ते काम कुलपाच्या किल्लीचे. गेल्या काही वर्षांतील अनेक लॅपटॉपांत मायक्रोसॉफ्ट खात्याने प्रवेश केला, की डिस्कवरील मजकूर आपोआप कूटबद्ध होतो. वापरणाऱ्याला त्याची कल्पनाही नसते, कारण किल्ली त्याच यंत्रातील टीपीएम नावाच्या सुरक्षा यंत्रणेत असते आणि कुलूप रोज निमूटपणे उघडते. डिस्क दुसऱ्या यंत्राला जोडली, की ती ४८ अंकी रिकव्हरी की मागते. ती नसेल, तर दुकानदार किंवा खुद्द मायक्रोसॉफ्टही त्या डिस्कवरील एक छायाचित्र परत देऊ शकत नाही. म्हणून सेटिंग्जमध्ये ‘डिव्हाइस एन्क्रिप्शन’ किंवा ‘बिटलॉकर’ चालू आहे का, हे आधी पाहावे. असेल तर ते बंद करून प्रक्रिया पूर्ण होऊ द्यावी, निदान ही की कागदावर उतरवून घ्यावी.

जुन्या डिस्कवरूनच नवा संगणक सुरू करण्याचा मोह टाळलेला बरा. तिच्यावरील विंडोज जुन्या मदरबोर्डशी जुळवलेले असते. नव्या यंत्रात ते कधी सुरू होते, कधी निळा पडदा दाखवून थांबते. जुन्या संगणकासोबत आलेला विंडोजचा परवानाही बहुधा त्याच मदरबोर्डशी बांधलेला असतो. डिस्ककडे केवळ कागदपत्रांची पेटी म्हणून पाहिले, तर हे प्रश्न उद्भवत नाहीत.

त्यासाठी यूएसबीने जोडता येणारे बाहेरचे आवरण पुरते. लॅपटॉपमधील अडीच इंची डिस्क यूएसबीच्या विजेवर चालते. डेस्कटॉपमधील साडेतीन इंची डिस्कला स्वतंत्र अडॅप्टर लागतो. पट्टीसारख्या एम.२ डिस्कचे साटा आणि एनव्हीएमई असे दोन प्रकार असल्याने आवरण त्या प्रकाराचेच घ्यावे. काही लॅपटॉपांत मात्र साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असते. तेथे डिस्क काढण्याचा प्रश्नच येत नाही, फाइलींची प्रत घ्यावी लागते. डिस्क काढण्यापूर्वी शिफ्ट दाबून ‘शट डाउन’ करावे. एरवी विंडोज पूर्णपणे बंद होतेच असे नाही.

जोडल्यावर ‘डिस्क फॉरमॅट करायची का?’ असा प्रश्न पडद्यावर आला, तर उत्तर एकच: नाही. डिस्क टकटक आवाज करत असेल, तर पुन्हा पुन्हा जोडून न पाहता ती तज्ज्ञाकडे न्यावी. सारे सुरळीत असेल, तर ‘यूजर्स’ फोल्डर उघडावा. परवानगी नसल्याचा संदेश आल्यास ‘कंटिन्यू’ म्हणावे. टॅलीसारख्या प्रणालींचा डेटा अनेकदा या फोल्डरबाहेर असतो, तोही शोधून घ्यावा.

मराठी मजकुराची अडचण आणखी वेगळी. श्रीलिपी, शिवाजी, कृतिदेव अशा युनिकोडपूर्व फाँटमध्ये टंकलेली फाइल नव्या संगणकावर उघडली, की इंग्रजी अक्षरे आणि चिन्हांचा काला दिसतो. वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांना हा अनुभव नवा नाही. फाइल बिघडलेली नसते. त्या चिन्हांना देवनागरी रूप देणारा फाँट तेवढा नव्या यंत्रात नसतो. जुन्या डिस्कवरील ‘विंडोज’ फोल्डरातील ‘फाँट्स’मधून तो उचलून नव्या संगणकात बसवला, की मजकूर वाचता येतो. पुढे तो युनिकोडमध्ये रूपांतरित केल्यास रफार आणि जोडाक्षरे मूळ प्रतीशी ताडून पाहावीत. रूपांतरात चुका होतात त्या बहुधा तेथेच. तोवर जुनी डिस्क पुसू नये.