पावसाळ्यात डोंगर घरातच चढा!

बालमित्रांनो, बर्फाची भिंत चढायची तर दासगावात बर्फ आणायचा कुठून? पावसाळ्यात तर आपल्या डोंगरावरही जायचे नाही. जुलै २००५ मध्ये इथे दरड कोसळून घरेच्या घरे गाडली गेली. घरच्या मोठ्यांना विचारा.

मग सराव बंद? छे! पुण्यातही बर्फ पडत नाही. तरी पुण्याचे सुरेंद्र चव्हाण मे १९९८ मध्ये एव्हरेस्टच्या माथ्यावर पोचलेच ना!

बर्फ चढणारा बुटांना लोखंडी काटे बांधतो. पुढचे काटे बर्फात रुतवून तो चवड्यांच्या जोरावर उभा राहतो. हातात बर्फाची कुऱ्हाड असते. म्हणजे पोटऱ्या भक्कम हव्यात, मूठही.

भिंतीला हात टेकून चवड्यांवर सावकाश उठा, सावकाश खाली या. दहा वेळा. पावसात भिजलेले कपडे घट्ट पिळा. मूठ बळकट होते, घरच्यांचे कामही हलके होते! मग एका पायावर उभे राहून तीस आकडे मोजा. तोल सुधारतो. दुखले की थांबा.

पालकहो, जमीन कोरडी आहे ना, तेवढे पाहा.

डोंगर कुठे पळून जात नाही. पाऊस सरला की रायगड आहेच!