तीस फुटी रस्त्यावरचं आभाळ

नागपूरच्या प्रताप नगरात जुनं घर पाडून फ्लॅट स्कीम उभी करायची बोलणी निघाली, की प्लॉटच्या आधी रस्त्याची चौकशी होते. समोरचा रोड किती फुटी? नागपूर सुधार प्रन्यासचं, म्हणजे नासुप्रचं, आर.एल. पत्र आहे का, त्याची डिमांड भरली का, हे नंतर. ही चौकशी अगदी शहाणपणाची आहे, कारण या वस्तीत आभाळावरचा हक्क जमिनीपेक्षा रस्त्यातून जास्त मिळतो.

डिसेंबर २०२० पासून मुंबई आणि काही मोजके प्रदेश वगळता राज्यभर एकच बांधकाम नियमावली, म्हणजे यूडीसीपीआर, लागू झाली. दाट गावठाणाबाहेर मूळ एफएसआय, म्हणजे प्लॉटच्या किती पट बांधता येईल तो आकडा, १.१०. रस्ता नऊ मीटरपेक्षा अरुंद असेल, तर ना प्रीमियम भरून मिळणारा जादा एफएसआय, ना टीडीआर, म्हणजे दुसरीकडून विकत आणलेला बांधकामाचा हक्क. नऊ ते बारा मीटरच्या रस्त्यावर मात्र प्रीमियमचे ०.५० आणि टीडीआरचे ०.४० मिळून आकडा २.०० वर जातो. पुढे रस्त्याच्या रुंदीगणिक वाढत तीस मीटरवर ३.०० होतो. शिवाय जिना, लिफ्ट, बाल्कनी यांच्यासाठी पैसे भरून आणखी साठ टक्के.

आता तीस फूट म्हणजे ९.१४ मीटर आणि पंचवीस फूट म्हणजे ७.६२. तीन हजार चौरस फुटांचे दोन सारखेच प्लॉट घ्या. पंचवीस फुटी गल्लीतल्या प्लॉटवर सगळं धरून ५,२८० चौरस फूट बांधता येतं, तीस फुटी रस्त्यावरच्या प्लॉटवर ९,६००. चाळीस-पन्नास वर्षांपूर्वी कुणी ले-आऊट पाडताना टेप पाच फूट इकडे की तिकडे धरली, त्यावर आज दोन शेजाऱ्यांच्या म्हातारपणाची तजवीज ठरते. रस्ता रुंद तर रहदारी आणि अग्निशमनाची गाडी सामावते, हे कारण रास्तच आहे. पण गल्लीतल्या माणसाने रस्ता आखला नव्हता.

टीडीआर मुंबईत १९९१ च्या नियमावलीने रुजला. मैदान किंवा रस्त्यासाठी आरक्षित जमीन पालिकेला दिली, की मोबदल्यात बांधकामाचा हक्क प्रमाणपत्रावर मिळतो आणि तो विकता येतो. न्यूयॉर्कच्या ग्रँड सेंट्रल स्थानकावर मनोरा बांधू दिला नाही, तेव्हा अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने १९७८ मध्ये मालकाला हेच दाखवलं होतं: वरची न वापरलेली हवा आसपासच्या प्लॉटवर नेता येते. आपल्याकडे ही हवा वाटेत आटते. जिथून हक्क निघाला आणि जिथे वापरायचा, त्या दोन ठिकाणच्या रेडीरेकनर दरांचं गुणोत्तर लावतात. समजा, शहराच्या काठावर दर दहा हजार आणि इथे चाळीस हजार, तर तिकडचे शंभर चौरस मीटर इथे पंचवीसच भरतात.

एवढं जमवूनही वर छत आहेच. सोनेगावचा विमानतळ इथून हाकेच्या अंतरावर. धावपट्टीभोवतीच्या चार किलोमीटरच्या पट्ट्यात विमानतळाच्या पातळीपासून साधारण ४५ मीटरवर एक अदृश्य पत्रा आडवा असतो, आणि धावपट्टीच्या टोकांशी तो आणखी खाली उतरतो. विमानतळ प्राधिकरणाच्या रंगीत नकाशात जागेची मर्यादा दिसते. तिच्यावर जायचं तर एनओसी. त्यात उंची समुद्रसपाटीपासून मोजतात, आणि पाण्याची टाकी, लिफ्टची खोली, अँटेनासुद्धा धरतात. सहा-सात मजल्यांच्या इमारतीला याची झळ सहसा लागत नाही. एफएसआय ३.०० पर्यंत नेऊन कमी जागेत उंच जाणाऱ्याला लागू शकते.

राहिला शेजारी. त्याच्या स्वयंपाकघरात सकाळचं ऊन येतं, ते अडवायचा हक्क कुणाला? १८८२ चा सुविधाधिकार कायदा मध्य प्रांतात, म्हणजे नागपुरात, आरंभापासून लागू होता. मुंबई इलाख्याला तो १८९१ मध्ये मिळाला. खिडकीतून वीस वर्षं अखंड आणि हक्काने घेतलेला उजेड या कायद्याने पक्का होतो. पण दाद मागायची तर नुकसान ठळक हवं, थोडी सावली पडली एवढ्याने भागत नाही. अडथळा कळूनही वर्षभर गप्प बसलात, तर वीस वर्षांची अखंडता मोडते. नकाशा मंजूर करणारा अभियंता सामासिक अंतर पाहतो. तुमची खिडकी कधीची आहे, हा त्याचा विषय नाही. तो दिवाणी न्यायालयाचा. म्हणून शेजारच्या प्लॉटवर पत्र्याचं कुंपण लागताच जुना मंजूर नकाशा, घरपट्टीच्या पावत्या आणि खिडकीचा तारखेसह फोटो एका फायलीत लावावा, आणि स्लॅब चढायच्या आत वकील गाठावा.