मायक्रोकंट्रोलरमधील क्लॉक-स्रोतांची निवड व मांडणी : अर्धापूरच्या केळीबागांच्या संदर्भात

प्रस्तावना :
नांदेड जिल्ह्यातील अर्धापूर तालुका केळीच्या लागवडीसाठी ओळखला जातो. केळीला नियमित पाणी लागते. परंतु जेथे शेतीपंपाची वीज पाळीने मिळते, तेथे पाण्याची वेळ विजेच्या वेळेशी जुळवावी लागते. ठिबकचे व्हॉल्व वेळेवर उघडणारा नियंत्रक येथे उपयुक्त ठरतो. मात्र त्याचे घड्याळ चुकल्यास पाळी येऊनही बाग कोरडी राहते. प्रस्तुत लेखात एसटीएम३२एफ१०३ या मायक्रोकंट्रोलरच्या आधारे क्लॉक-स्रोतांचे विवेचन केले आहे.

स्रोतांचे प्रकार :
या चिपमध्ये चार स्रोत उपलब्ध आहेत.
१) एचएसआय : ८ मेगाहर्ट्झचा अंतर्गत आरसी ऑसिलेटर.
२) एचएसई : ४ ते १६ मेगाहर्ट्झचे बाह्य क्रिस्टल.
३) एलएसआय : सुमारे ४० किलोहर्ट्झचा अंतर्गत ऑसिलेटर, प्रत्यक्षात तो ३० ते ६० किलोहर्ट्झ या मर्यादेत कोठेही असू शकतो.
४) एलएसई : ३२,७६८ हर्ट्झचे बाह्य क्रिस्टल. ही संख्या २ चा १५ वा घात असल्याने ती १५ वेळा निम्मी केली की सेकंदाला नेमका एक स्पंद मिळतो.

अचूकतेचे गणित :
एका दिवसात ८६,४०० सेकंद असतात. एक टक्का चुकीच्या आरसी ऑसिलेटरवर दिवसाला ८६४ सेकंद, म्हणजे १४ मिनिटे २४ सेकंदांचा फरक पडतो. दशलक्षात २० भाग चुकीच्या क्रिस्टलवर तो केवळ १.७ सेकंद असतो. तापमानाचाही परिणाम होतो. २५ अंश सेल्सिअसला अचूक असलेले ३२,७६८ हर्ट्झचे क्रिस्टल ४५ अंशांवर दिवसाला सुमारे १.२ सेकंद मागे पडते. मराठवाड्याच्या उन्हाळ्यातही ही चूक सिंचनासाठी नगण्य होय.

मांडणीचा क्रम :
रिसेटनंतर चिप एचएसआयवर चालू होते. ७२ मेगाहर्ट्झ हवे असल्यास प्रथम एचएसई सुरू करून तयारीदर्शक बिटची वाट पाहावी. ही प्रतीक्षा मर्यादित असावी. क्रिस्टल सुरू न झाल्यास एचएसआयवरच काम चालू ठेवावे. त्यानंतर फ्लॅश मेमरीसाठी दोन प्रतीक्षा-अवस्था द्याव्यात आणि एपीबी१ बसची वारंवारिता ३६ मेगाहर्ट्झच्या आत राहण्यासाठी २ ने भागावी. मग ८ मेगाहर्ट्झला पीएलएलने ९ ने गुणून, पीएलएल स्थिर झाल्यावरच मुख्य क्लॉक त्यावर न्यावा. प्रतीक्षा-अवस्था आधी न दिल्यास फ्लॅशमधील सूचना चुकीच्या वाचल्या जाऊ शकतात.

व्हॉल्वच्या नियंत्रणास मात्र इतक्या वेगाची गरज नाही. ८ मेगाहर्ट्झ पुरेसे असून विजेचा वापरही कमी होतो. रिअल टाइम क्लॉक एलएसईला जोडावा व व्हीबॅट पिनला ३ व्होल्टची बटनसेल द्यावी. त्यामुळे मुख्य वीज गेली तरी वेळेची गणना चालू राहते.

निष्कर्ष :
गणनक्रियेचा क्लॉक आणि वेळेचा क्लॉक या दोन वेगळ्या गरजा आहेत. पहिल्यासाठी अंतर्गत ऑसिलेटर चालू शकतो. दुसऱ्यासाठी क्रिस्टल व बटनसेल अनिवार्य आहेत. या दोन घटकांवर केलेली काटकसर पिकाच्या नुकसानीपेक्षा महाग पडू शकते, हे नियंत्रक तयार करणाऱ्या विद्यार्थ्यांनी ध्यानात घ्यावे.