आपल्या तुरीचं बियाणं उत्तर ध्रुवाजवळ. पण तिथला बर्फही आता भरवशाचा राहिला नाही

राजेश्वर : राजेश्वरहून महामार्गाने हैदराबादला जाताना शहराच्या अलीकडे पाटणचेरू लागतं. तिथल्या इक्रिसॅट संस्थेत तूर, ज्वारी, बाजरी, हरभरा, भुईमुगाच्या हजारो वाणांचं बियाणं जपलेलं आहे. त्यातल्या बऱ्याच बियाण्याचा दुसरा संच नॉर्वेच्या स्वालबार्ड बेटांवर, उत्तर ध्रुवाजवळ ठेवला आहे.

तिथेच का?
2008 मध्ये तिथे डोंगराच्या पोटात जागतिक बियाणे कोठार सुरू झालं. आत उणे 18 अंश तापमान ठेवतात. वीज गेली तरी बियाणं लगेच खराब होऊ नये, म्हणून बाराही महिने गोठलेली जमीन निवडली. सीरियातल्या युद्धामुळे अलेप्पोची बियाणे बँक वापरता येईना, तेव्हा 2015 मध्ये याच कोठारातून बियाणं परत काढावं लागलं. म्हणजे ही सोय नुसती कागदावरची नाही.

अडचण कुठे आली?
ध्रुवाकडचा भाग जगाच्या सरासरीपेक्षा जवळपास चौपट वेगाने तापतोय. समुद्रावरचा पांढरा बर्फ ऊन परतवतो. तो वितळला की खालचं काळं पाणी तेच ऊन शोषतं आणि उष्णता आणखी वाढते. 2016 च्या ऑक्टोबरमध्ये तिथे बर्फाऐवजी पाऊस पडला आणि कोठाराच्या बोगद्यात पाणी शिरलं. बियाण्यापर्यंत ते पोचलं नाही, पण नॉर्वे सरकारला बोगदा नव्याने, पाणी न झिरपेल असा बांधावा लागला.

माणसांचं काय?
जवळच्या लाँगइयरबेन गावातली घरं गोठलेल्या जमिनीत रोवलेल्या खांबांवर उभी आहेत. जमीन सैल झाली की खांब हलतात. 2015 च्या डिसेंबरमध्ये बर्फाचा कडा घरांवर कोसळून दोघांचा जीव गेला. त्यानंतर धोक्याच्या जागेतली घरं हटवावी लागली. नॉर्वे-स्वीडनकडच्या सामी लोकांचीही तीच गत. हिवाळ्यात पाऊस पडून गोठतो, वर बर्फाचा कडक थर बसतो आणि त्यांच्या रेनडिअरना खालचा चारा मिळत नाही.

आपण काय घ्यायचं?
कलबुर्गीच्या तुरीला 2019 मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. मर रोग, पावसाचा खंड, काढणीवेळची अतिवृष्टी सोसणारं नवं वाण काढायचं तर जुन्या वाणांचेच गुण लागतात. कोठार ही शेवटची शिल्लक झाली. रोजचा व्यवहार मात्र शेतातच व्हायचा. ज्यांच्या घरी अजून जुनी गावरान तूर आहे, त्यांनी दरवर्षी चार ओळी तरी पेराव्यात.